हिंदुराव लवट्यांचा भारतीय समाज

हिंदुराव लवटे बारावीला बसणार आहेत, ही गोष्ट त्यांनी फक्त बायकोला सांगितली होती, आणि तीसुद्धा आईची शपथ घालून. आई बायकोची, म्हणजे सोजरबाईंची. हिंदुरावांच्या आईची शपथ मोडायला सोजरबाईंनी मागंपुढं पाहिलं नसतं, असा त्यांना संशय होता.

माणूस त्रेचाळीस वर्षांचा. सरकारी कचेरीत वीस वर्षं ज्युनिअर क्लार्क. मिशीत पांढरे केस आलेले, मुलगी लग्नाला आलेली. अठ्ठ्याहत्तर साली कचेरीत नवे साहेब आले. त्यांनी एकेकाची फाइल उघडली आणि हिंदुरावांच्या फाइलशी थांबून ते म्हणाले, "लवटे, जग दहा अधिक दोनवर गेलं. तुम्ही अजून जुन्या अकरावीतच? हेडक्लार्क व्हायचं तर एक वर्ष पुढं सरका की." सगळी कचेरी हसली. शिपाईसुद्धा हसला, आणि शिपाई चौथी नापास होता. हिंदुरावांना ते जास्त लागलं.

बाहेरून परीक्षेला बसायचं तर विषय निवडायचे. इतिहासात सनावळ्या, अर्थशास्त्रात आकडे, तर्कशास्त्र नावावरूनच धोक्याचं. सोलापूरच्या नव्या पेठेतल्या पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या त्यांनी समाजशास्त्राचं गाईड चाळलं. भारतीय समाज. कुटुंब, विवाह, जात, खेडं. हिंदुरावांना धीर आला. कुटुंब त्यांना होतं. विवाह झालेला होता. जात जन्मतःच मिळाली होती आणि खेडं सांगोल्याच्या बाजूला अजून जागेवर होतं. म्हणजे सगळा अभ्यासक्रम घरातलाच. चाळीस वर्षं ते तो करतच आले होते. आता फक्त लिहायचं होतं.

घरी येऊन त्यांनी गाईडला पंचांगाचं कव्हर घातलं आणि मोठ्यानं वाचायला बसले. तिसऱ्या पानावर कळलं की मेहुणा हा मेहुणा नसून 'वैवाहिक आप्त' आहे. त्यांच्या मेहुण्याला इतक्या चांगल्या शब्दांत आजवर कुणी बोललं नव्हतं. सातव्या पानावर कुटुंबाच्या चार व्याख्या होत्या, चारही वेगवेगळ्या परदेशी माणसांच्या, आणि एकीतही सोजरबाई बसत नव्हत्या.

"मनात वाचा की," सोजरबाई चुलीपुढून म्हणाल्या. "शेजारी ऐकत्यात. पंचांगात 'लैंगिक' कुटनं आलं म्हणतील."

शेजारी म्हणजे शिवलिंगप्पा. मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. एखादा माणूस सलग पंधरा दिवस पंचांग वाचतो आणि पेन्सिलीनं खुणा करतो, हे त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी येऊन पंचांग उघडलं, गाईड बघितलं आणि कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं. मग स्टुलावर बसून सल्ला दिला. निवृत्त मास्तराचा सल्ला आणि उन्हाळ्यातला नळ यांत फरक एवढाच की नळ मधेच बंद होतो.

"हिंदुराव, पुस्तकात समाज कुठला हो? समाज भायेर हाय की. परीक्षक व्याख्या बघत नाही, उदाहरण बघतो. जा, घरोघर फिरा, चार कुटुंबं वहीत उतरवून आणा. शंभरात सत्तर कुठं गेले नाहीत."

सत्तर हा आकडा हिंदुरावांच्या डोक्यात शिरला. पुढच्या रविवारी सकाळी ते निघाले. कचेरीची पांढरी पँट, खिशाला पेन, काखेत लांब सरकारी वही. ओळखीच्याच गल्लीत ओळखीच्याच माणसांकडे जायचं, पण अभ्यासाचं काम म्हणून त्यांनी चेहराही जरा कामाचा केला होता. नडलं ते तिथंच.

आणीबाणी उठून दीड वर्ष झालं होतं. पण गल्लीच्या पोटातली भीती काही उठली नव्हती. पांढरी पँट आणि लांब वही घेऊन दारात आलेला माणूस काय विचारतो आणि त्यानंतर काय कापतो, हे लोकांच्या पक्कं ध्यानात होतं.

पहिलंच घर कमलम्माचं. सोलापूरच्या पूर्व भागात असतं तसं घर. खाली तीन माग, वर माणसं, मधे दोरीवर सूत. हिंदुरावांनी गाईडमध्ये वाचलेलं 'संयुक्त कुटुंब' ते हेच, म्हणून ते खुशीत होते.

"कमलम्मा, घरात माणसं किती?"

"का रे अण्णा?" कमलम्मा मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती.

"माहिती पाहिजे. चूल एकच? कर्ता पुरुष कोण? आणि," त्यांनी वहीत रकाना आखला, "मुलं कुणाकुणाला किती?"

माग थांबले. तिन्ही. पूर्व भागात राहणाऱ्या माणसाला मागाचा आवाज ऐकू येत नाही, पण तो थांबला की छातीत धस्स होतं. हिंदुरावांनी मान वर केली तर मागावर एकही पुरुष नव्हता. मागच्या भिंतीवरून कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला, त्यामागून दुसरा, आणि कोंबड्यांचा कलकलाट झाला.

"दोन," कमलम्मा घाईनं म्हणाली. "सगळ्यांना दोन दोन. एकाला तर एकच. लिव्ह."

तिच्या पदराआडून, जिन्यावरून आणि सुताच्या ढिगामागून अकरा मुलं हिंदुरावांकडे बघत होती.

दुसऱ्या घरात पोचेपर्यंत तिथले पुरुष गेले होते. तिसऱ्या घरात बाईनं दार न उघडता आतूनच सांगितलं की नवरा मागच्या साली वारला. तो नवरा हिंदुरावांनी सकाळीच नळावर बघितला होता. दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी मागं पाहिलं. भारतीय समाज उठून गेला होता. वहीत फक्त स्त्रिया, मुलं आणि एक बकरी नोंदवलेली होती.

संध्याकाळी बाकीचे पुरुष परतले. कमलम्माचा थोरला नरसय्या परतला नाही. दुसऱ्या दिवशी कमलम्मा हिंदुरावांच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

"माझा नरसय्या आणून दे. एक माग बंद आहे. शेटजीची चादर अर्धी राहिली."

"मी काय केलं त्याला?"

"केलं नाहीस, पण करणार होतास."

नरसय्या दुधनीला मावशीकडे आहे, अशी बातमी शिवलिंगप्पांनी आपल्या गावच्या माणसांकडून काढली. हिंदुरावांनी एक किरकोळ रजा खर्ची घातली. रजेच्या अर्जात कारण लिहायचं असतं. त्यांनी 'समाजकार्य' लिहिलं, कारण खरं कारण लिहिण्यासारखं नव्हतं. दुधनीला मावशीच्या दारात ते उभे राहिले तेव्हा नरसय्या जेवत होता. पांढरी पँट दिसताच तो ताटावरून उठला आणि परसदारानं तुरीच्या रानात घुसला.

तूर माणसाच्या उंचीची झाली होती. हिंदुराव बांधावर उभे राहिले. आत कुठंतरी तूर हलत होती, ती लांब लांब जात होती. बाजाराचा दिवस, रस्त्यानं माणसं चालली होती, ती थांबली.

"नरसय्या, ये बाहेर! नसबंदी न्हाई रे!"

हा शब्द उच्चारायला नको होता. बाजाराला चाललेले दोन गडीही तुरीत शिरले.

आता खरं सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हिंदुरावांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि महिनाभर जिवापाड जपलेलं गुपित परक्या गावाच्या भर रस्त्यावर ओरडून सांगितलं.

"नरसय्या, मी बारावीला बसलोय रे!"

तूर हलायची थांबली. मग तुरीच्या आतून हसण्याचा आवाज आला. आधी एकाचा, मग तिघांचा. बांधावर एक म्हातारा होता, त्यानं बरोबरच्याला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. उत्तर मिळाल्यावर त्यानं हिंदुरावांकडे पाहून हात जोडले. ते कौतुक होतं की सांत्वन, हे हिंदुरावांना एसटीत बसल्यावरही उलगडलं नाही.

नरसय्या घरी आला आणि माग सुरू होण्याआधी बातमी सुरू झाली. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला कळलं. लोक हसतील असं हिंदुरावांना वाटलं होतं; लोक हसले, पण एकच दिवस. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हिंदुरावांची बारावी मनावर घेतली, आणि हे हसण्यापेक्षा वाईट होतं.

शिवलिंगप्पांनी गाईडच्या मागचे प्रश्न कागदावर उतरवून वाटले. तयारी म्हणजे प्रश्न आला की उत्तर बंदुकीच्या गोळीसारखं निघालं पाहिजे, हा त्यांचा जुना सिद्धांत. ज्याला वेळ सापडेल त्यानं हिंदुरावांना धरावं आणि विचारावं. नळावर घागर लावता लावता कमलम्मा ओरडायची, "अण्णा, जात म्हणजे?" पानाच्या टपरीवर नरसय्या चुना लावता लावता विचारायचा, "खेड्याची वैशिष्ट्यं सांगा, सहा." संडासच्या रांगेतही सवलत नव्हती, तिथं शिवलिंगप्पा स्वतः असायचे, आणि उत्तर पुरं झाल्याशिवाय हिंदुरावांना कुणी आत सोडत नसे. सोजरबाई भाकरी थापता थापता कागद तिरका धरून एकेक अक्षर लावायच्या. हिंदुराव चुकले तर भाकरी थांबायची. भूक लागलेल्या माणसाची स्मरणशक्ती किती वाढते, यावर गाईडमध्ये एक अक्षर नव्हतं.

डिसेंबरपर्यंत अशी अवस्था झाली की प्रश्न कानावर पडला की हिंदुरावांचं तोंड आपोआप चालू व्हायचं. व्याख्या, कारणे, परिणाम, उपाय, समारोप. मधे थांबवलं तर परत पहिल्यापासून. कचेरीत साहेबांनी सहज विचारलं, "लवटे, काय म्हणतं कुटुंब?" तर हिंदुरावांनी चारही व्याख्या म्हणून दाखवल्या. साहेबांनी त्यांना दुपारनंतर घरी जायला सांगितलं.

अशातच महानंदाचं स्थळ आलं.

महानंदा ही त्यांची एकुलती मुलगी, डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. स्थळ सांगोल्याचं. मुलगा बाळासो, एसटीच्या डेपोत क्लार्क, शांत, नाकीडोळी नीट. महानंदानं त्याला एका नातेवाइकाच्या लग्नात बघितलं होतं आणि त्याबद्दल ती काहीच बोलली नव्हती. यावरून सोजरबाईंनी काय ते ओळखलं. बोलणी करायला मुलाचे चुलते मानसिंगराव येणार होते. जाडजूड माणूस, शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात उभं आयुष्य गेलेलं, समोरच्याचे दात मोजून बोलणारा.

आदल्या दिवशी नवरा-बायकोचं ठरलं. पाच हजार, घड्याळ आणि सायकल. हिंदुरावांना हे मनातून पसंत होतं असं नाही. पण नापसंत होतं असंही नाही. पाऊस पडतो, बदली होते, हुंडा द्यावा लागतो, एवढंच त्यांचं त्याबाबतीतलं मत.

मानसिंगराव आले, बाळासो आला. पोहे झाले. पाणीपावसाचं झालं, टँकरचं झालं. मग मानसिंगरावांनी मांडी बदलली आणि विचारलं, "मग पाव्हणं, हुंड्याचं काय?"

हिंदुरावांनी 'पाच हजार' म्हणायला तोंड उघडलं.

"हुंडा म्हणजे," त्यांच्या तोंडातून आलं, "विवाहाच्या वेळी वधूपक्षाकडून वरपक्षास दिली जाणारी रोख रक्कम अथवा मौल्यवान वस्तू होय. हुंड्याची कारणे पुढीलप्रमाणे."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. हिंदुरावांना स्वतःचा आवाज दुसऱ्याचा असल्यासारखा ऐकू येत होता. थांबायचं त्यांच्या मनात होतं. पण घाटात ब्रेक गेलेल्या गाडीतल्या उतारूच्या मनात काय असतं, याला गाडी विचारत नाही.

"एक, खोटी प्रतिष्ठा. दोन, धनलोभ."

"कुणाचा?" मानसिंगरावांनी बशी खाली ठेवली.

"वरपक्षाचा. तीन, अज्ञान." सोजरबाई दारात येऊन डोळे मोठे करत होत्या, त्यामुळे उलट त्यांना वाटलं की मुद्दा राहिला. "चार, शिक्षण असूनही विचारांचा अभाव. आता दुष्परिणाम."

दुष्परिणाम पाच होते. ते सगळे झाले. बाळासो मान खाली घालून ऐकत होता आणि प्रत्येक मुद्द्याला ती मान किंचित हलत होती.

"उपाय. एक, तरुणांनी पुढाकार घ्यावा. दोन, कायद्याची कडक अंमलबजावणी व्हावी. एकोणीसशे एकसष्टच्या कायद्यान्वये हुंडा देणे, घेणे व मागणे हा गुन्हा असून त्यास शिक्षा आहे. समारोप."

"समारोप ऱ्हाऊ द्या," मानसिंगराव उठले. "आमी सोयरीक करायला आलो हुतो. तुमी आमाला आत घालायचा बेत करून बसलाय म्हणा की! चल रं बाळासो."

ते गेले. सोजरबाईंनी पोह्याच्या बशा अशा काही उचलल्या की बोलायची गरज उरली नाही. हिंदुराव भिंतीला टेकून बसले होते. चुकून झालं, असं ते म्हणणारच होते, एवढ्यात महानंदा आतून आली.

"अण्णा," ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही हो म्हणून टाकाल."

ती वाकली, त्यांच्या पायाला हात लावला आणि डोळे पुसत आत गेली. हिंदुरावांनी उघडलेलं तोंड हळूच मिटलं.

भिंती पातळ असल्यामुळे व्याख्येपासून उपायांपर्यंतचं सगळं उत्तर शिवलिंगप्पांनी पलीकडून ऐकलं होतं, आणि एकही मुद्दा सुटला नाही म्हणून त्यांचा ऊर भरून आला होता. त्यांनी बातमी पसरवली ती अशी: लवट्यांनी सोयरीक मोडली, पण तत्त्व मोडलं नाही. आठवड्यात गल्लीच्या तरुण मंडळानं सत्कार ठेवला. शालीला पैसे जमले नाहीत म्हणून कमलम्मानं मागावरची नवी चादर दिली. मोर असलेली, डबलबेडची. ती अंगावर पडल्यावर हिंदुरावांचं फक्त डोकं दिसत होतं. चार जणांनी भाषणं केली. 'असे लवटे घरोघर जन्मोत' असं एक वाक्य आलं. हिंदुराव उत्तरादाखल उभे राहिले, चादरीत पाय अडकून परत बसले, आणि लोकांनी तो विनय समजून टाळ्या वाजवल्या.

"पोरीची सोयरीक घालवली," घरी सोजरबाई म्हणाल्या, "आन वर चादर पांघरून आला."

फेब्रुवारीत हॉल तिकीट आलं. त्यावर नाव होतं: कु. इंदु राव लवटे. त्याचं असं झालं होतं, की हिंदुरावांच्या गावाकडे 'ह' हे अक्षर सणासुदीलाच काढतात. गावच्या गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर जे ऐकलं तेच लिहिलं होतं, 'इंदुराव'. आणि पुढं कुण्या टायपिस्टाच्या मशीननं मधे एक जागा सोडली. मुलीचं नाव म्हटल्यावर केंद्रही मुलींचं. दुरुस्तीसाठी ते तीन कचेऱ्या फिरले. पहिल्या ठिकाणी दुसरीकडे जा म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी तिसरीकडे. तिसऱ्या ठिकाणच्या कारकुनानं त्यांच्याकडे, मग तिकिटाकडे, मग त्यांच्या मिशीकडे पाहिलं. "वेळ थोडा हाय. औंदा असंच बसा. निकालानंतर पुरुष व्हा."

परीक्षेच्या सकाळी ते मुलींच्या शाळेच्या फाटकाशी गेले. पर्यवेक्षिका बाई नम्रपणे म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी पालक नाही."

"मग कोण?"

"कुमारी इंदु," हिंदुराव म्हणाले, आणि त्या क्षणापुरतं त्यांना हेडक्लार्कपद नको झालं.

सगळ्या वर्गाचं हसून होईपर्यंत पाच मिनिटं गेली. समाजशास्त्राआधीचे पेपर त्यांनी बरे लिहिले. समाजशास्त्राच्या दिवशी पेपर हातात पडला. हुंडा आलाच नव्हता. पहिलाच प्रश्न होता: संयुक्त कुटुंबाची वैशिष्ट्ये उदाहरणासह स्पष्ट करा.

उदाहरणासह! हिंदुरावांनी पेन उघडलं. मुद्दे ओळीनं उभे होते, पण 'उदाहरण' म्हटल्याबरोबर मुद्द्यांना ढकलून कमलम्मा पुढं आली. तीन माग, एक चूल, एकोणीस माणसं. कोण कुणाच्या वाट्याची कांडी भरतं, दोन जावा बोलत नसताना भाजीत मीठ कोण घालतं, नरसय्या चार दिवस नव्हता तर सगळ्यात धाकटी पोर कुणाच्या ताटात जेवली. त्यांना माहीत नव्हतं की आपल्याला एवढं माहीत आहे. पान उलटत होतं, पुरवण्या जोडल्या जात होत्या. नऊ पानं झाली तेव्हा त्यांना आयुष्यात प्रथमच वाटलं की आपण काहीतरी खरं लिहितोय. तेव्हाच घंटा झाली. उरलेले चार प्रश्न कोरे राहिले.

जूनमध्ये निकाल लागला. मराठीत एकावन्न, इंग्रजीत चाळीस, बाकी सगळीकडे काठावर पास. समाजशास्त्र, अठरा. नापास. कचेरीतला शिपाई पुन्हा हसला. शिवलिंगप्पा येऊन गुणपत्रिकेकडे बराच वेळ बघत बसले आणि पहिल्यांदाच सल्ला न देता घरी गेले.

पुढच्याच रविवारी दारात मानसिंगराव उभे. मागं बाळासो, यावेळी मान वर. सोजरबाईंनी घाईनं पाणी दिलं. मानसिंगराव बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"या गड्याला तीन ठिकाणी न्हेला," त्यांनी पुतण्याकडे अंगठा केला. "एक बी पोरगी बघंना. दार आलं की पोटात दुखतंय म्हणतो. म्हणून आलो. निकाल ऐकला तुमचा."

"व्हय," हिंदुराव म्हणाले.

"समाजशास्त्रातच गेला म्हणं."

"व्हय. अठरा."

"मग त्या दिशी हुंड्याचं जे तुमी बोलला," मानसिंगराव पुढं सरकले, आणि त्यांच्या डोळ्यांत सौद्याच्या माणसाची चमक आली, "ते समदं चूकच निघालं की! म्या म्हणत न्हाय, वरचेच म्हणत्यात. फेल झालेल्या माणसाचं किती धरून बसायचं? आता पयल्यापासनं बोलू."

हिंदुराव व्याख्या येण्याची वाट बघत राहिले. व्याख्या आली नाही. कारणं आली नाहीत, दुष्परिणामही नाहीत. परीक्षा संपली तशी डोक्यातली सगळी पानं रिकामी झाली होती. मधल्या दाराचा पडदा हलला. पडद्याखाली महानंदाची पावलं दिसत होती. पाच हजार, घड्याळ, सायकल हे तीन शब्द हिंदुरावांच्या जिभेवर तयार होते, आणि या खेपेला त्यांना कुणीच अडवत नव्हतं.

"ते पुस्तकातलं हुतं," ते सावकाश म्हणाले. त्यांच्या तोंडात गावाकडची बोली कधी आली हे त्यांनाही कळलं नाही. "ते चुकलं असंल. हे माझं हाय. देणार न्हाई."

"कायच न्हाई?"

"कायच न्हाई. आन पोरीला इचारल्याबिगर होकार बी देणार न्हाई."

"कारणं?" मानसिंगरावांनी विचारलं.

हिंदुरावांनी थोडा विचार केला. "कारणं न्हाईत."

मानसिंगरावांनी त्यांना न्याहाळलं. बाजारात जनावर बघावं तसं, खालपासून वरपर्यंत. मग त्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलून बाजूला ठेवली आणि पाय लांब केले.

"ब्येस झालं," ते म्हणाले. "पुस्तकातली कारणं सांगाया लागला असता, तर आज बी उठून गेलो असतो. वैनी, चा टाका. आन पोरीला भायेर बोलवा, काय इचारायचं ते इचारू द्या तिला."

पडद्याखालची पावलं निघाली. हिंदुराव उठले आणि त्यांनी भिंतीशी ठेवलेलं एकुलतं एक स्टूल मुलीसाठी ओढून पुढं ठेवलं.